चिप ओळख देत नाही तेव्हा: फ्लॅश प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये सक्तीचं वाचन कसं बसवायचं

जुलैच्या शेवटी आमच्या दारव्ह्याच्या दुकानात सेवा केंद्रवाल्यांचे लॅपटॉप रांगेनं येतात. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, रात्री लाईट कमी-जास्त झालेली असते आणि सकाळी मशीन बंद. दोन पावसाळ्यांपूर्वी असाच एक लॅपटॉप टेबलावर होता. बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम ठेवणाऱ्या चिपला प्रोग्रॅमरची (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाची) क्लिप लावली तर सॉफ्टवेअर म्हणे चिप सापडली नाही. माझा मदतनीस पोरगा म्हणाला, "भाऊ, चिपच नाही म्हणून राहिलं हे." चिप तर डोळ्यांसमोर होती. त्यानं 'ओळख तपासू नका' या चौकटीत टिचकी मारली, फाईल वाचून घेतली आणि ते काम कसंबसं निभावलं.

पण ती टिचकी तशीच राहिली. दुपारी दुसरा लॅपटॉप आला. त्यात १६ एमबीची चिप होती, आणि सॉफ्टवेअरमध्ये सकाळची ८ एमबीचीच निवडलेली. पोरानं पुसा-लिहा-तपासा असं सगळं एकदम करणारं बटण दाबलं. ओळखीची तपासणी बंद असल्यामुळे त्याला कोणी अडवलं नाही. त्या मशीनचा मूळ डेटा आम्ही अजून वाचलाही नव्हता. सीरियल नंबर, विंडोजची की, नेटवर्कचा मॅक पत्ता, सगळं गेलं. पोराची चूक मी मानत नाही. सक्ती म्हणजे ओळख पटली नाही तरी काम कर असं सॉफ्टवेअरला सांगणं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं वाचण्याची सक्ती आणि लिहिण्याची सक्ती एकाच चौकटीत बसवली होती, चूक ती आहे.

त्यानंतर मी स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. जे कोणी असं साधन लिहितात किंवा दुसऱ्याचं सुधारून वापरतात, त्यांच्यासाठी त्यातली रचना इथे पायरीपायरीनं सांगतो. चिपचे आदेश आणि ओळखीचे आकडे सगळीकडे हेक्समध्येच, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत दिले आहेत.

सक्ती लागते कधी

साधी एसपीआय (मोजक्या तारांवरून एकेक बिट बोलणारी) फ्लॅश चिप ९एफ हा आदेश मिळाला की तीन बाइट परत देते: कंपनी, प्रकार, क्षमता. विनबाँडची ८ एमबीची डब्ल्यू२५क्यू६४ देते ईएफ ४० १७. गिगाडिव्हाइसची तेवढीच चिप देते सी८ ४० १७. शेवटचा १७ म्हणजे दशमानात २३, आणि २ चा २३वा घात म्हणजे ८ एमबी. प्रोग्राम हे तीन बाइट आपल्या यादीत शोधतो, सापडले तर पुढे जातो.

अडतं ते वेगवेगळ्या ठिकाणी. चिप नवी असते आणि यादी जुनी. किंवा चिप इतकी जुनी असते की तिला ९एफ कळतच नाही. काही बोर्डांवर एसपीआय कंट्रोलरला ठरावीक आदेशच पाठवायची मुभा असते, त्या यादीत ९एफ नसतो, वाचनाचा मात्र असतो. एलपीसी आणि पॅरलल जातीच्या (एका वेळी अनेक बिट पाठवणाऱ्या) जुन्या चिपची गोष्ट तर सगळ्यात बोलकी आहे. त्यांना ओळख विचारायची म्हणजे ५५५५ या पत्त्यावर एए, २एएए वर ५५ आणि पुन्हा ५५५५ वर ९० असं लिहावं लागतं. बोर्डानं लिहिण्याची वाट बंद ठेवली असेल तर हा निरोप चिपपर्यंत पोचत नाही. वाचन मात्र साधी मेमरी वाचल्यासारखं सुरळीत चालतं.

म्हणजे ओळख न मिळणं आणि डेटा न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या असल्यामुळेच सक्तीचं वाचन ही सोय असायला हवी, आणि तिच्यात लिहिण्याला शिरकाव नको.

मुक्तस्रोत फ्लॅशरॉम या प्रोग्रामनं हे चांगलं ओळखलं आहे. तिथे सक्तीचं वाचन होण्यासाठी एफ, आर आणि सी हे तिन्ही पर्याय सोबत द्यावे लागतात: सक्ती, वाचन आणि चिपचं नाव. मग तो 'चिप आहे असं धरून चालतो' असं सांगतो आणि हातात येणारा माल बहुधा कचरा असेल असा इशाराही देतो. चिप आपोआप सापडली नाही तर तो लिहायला तयारच होत नाही. पाया म्हणून हे उत्तम. त्यावर मी जी भर घातली ती पुढे आहे.

पायरी १: आधी वीज

हे काम सॉफ्टवेअरचं नाही असं वाटेल, पण माझ्याकडे ओळख न देणाऱ्या चिपपैकी बऱ्याच इथेच सुटतात. म्हणून सक्तीचं वाचन निवडल्यावर माझा प्रोग्राम आधी दोन प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

पहिला प्रश्न: चिप किती व्होल्टची? १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट दिले तर ती मरू शकते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काळ्या सीएच३४१ए या यूएसबी प्रोग्रॅमर बोर्डाची आणखी एक भानगड आहे. अशा अनेक बोर्डांवर चिपच्या व्हीसीसीला, म्हणजे वीज घेणाऱ्या पिनला ३.३ व्होल्ट मिळतात, पण मुख्य आयसी ५ व्होल्टवर चालत असल्यामुळे डेटाच्या तारांवर ५ च्या आसपास व्होल्टेज येतं. नवा बोर्ड आणला की मल्टिमीटरची काळी तार ४ नंबरच्या पिनला आणि लाल तार १, ५, ६ या पिनांना लावून मोजून घ्या.

दुसरा प्रश्न: चिप बोर्डावर आहे की काढलेली? बोर्डावर असेल तर क्लिपमधून जाणारी वीज फक्त चिपला मिळत नाही, त्या लाइनवरचे बाकीचे भागही ती ओढतात. व्होल्टेज खाली बसतं आणि चिप अडखळत बोलते. अॅडॉप्टर आणि बॅटरी काढलेली हवी. ३ नंबरची राइट-प्रोटेक्ट आणि ७ नंबरची होल्ड म्हणजे थांबवून धरणारी पिन, या दोन्ही वर ओढलेल्या, म्हणजे व्हीसीसीच्या व्होल्टेजला जोडलेल्या हव्यात. सातवी खाली राहिली तर चिप जिवंत असूनही बोलत नाही.

पायरी २: 'नाही'चे प्रकार वेगळे करा

चिप सापडली नाही या एका वाक्याखाली चार-पाच वेगळे आजार लपतात. प्रोग्रामनं मिळालेले कच्चे तीन बाइट दाखवलेच पाहिजेत.

सगळे एफएफ आले म्हणजे बहुधा तार हवेत आहे किंवा चिप झोपली आहे. सगळे ०० आले तर वीज नाही किंवा तार जमिनीला टेकली आहे. झोपलेली चिप एबी या आदेशानं जागी होते, तो पाठवून पुन्हा विचारा. ६६ आणि मागोमाग ९९ या जोडीनं अनेक चिप रीसेट होतात, पण त्याआधी ०५ देऊन स्टेटस बघा. चिप आतून पुसण्याच्या किंवा लिहिण्याच्या कामात अडकलेली असताना रीसेट दिला तर तेवढा भाग बिघडू शकतो.

कंपनीच्या बाइटची एक खूण कामाची आहे. त्यात १ च्या बिटांची संख्या विषम असते. ईएफमध्ये सात, सी२ मध्ये तीन, सी८ मध्ये तीन. एफएफमध्ये आठ आणि ०० मध्ये शून्य, म्हणजे दोन्ही नापास.

पण एवढ्यावर विसंबू नका, कारण सगळ्यात फसवा आजार ही परीक्षा पास होतो. त्या जुलैतल्या लॅपटॉपच्या लॉगमध्ये मला नंतर सापडले ते बाइट होते एफ७ ए० ०बी. यादीत अशी चिप नाही. एफ७ मध्ये १ चे सात बिट, म्हणजे कंपनीचा बाइटही बरोबर वाटतो. मी वहीवर बिट मांडले. ईएफ ४० १७ ही ओळ एक घर उजवीकडे सरकवा आणि रिकाम्या जागी १ भरा, तंतोतंत एफ७ ए० ०बी मिळतात. क्लिपची केबल लांब होती, घड्याळाची (प्रत्येक बिटाचा ठेका देणारी) तार आणि डेटाची तार यांचा मेळ एका बिटानं चुकत होता. अशा वेळी सक्तीनं वाचलं तर आख्खी फाईल एक बिट सरकलेली येते, आणि दर वेळी तशीच येते. पोरानं वाचलेली फाईल तशीच होती. सुदैवानं आमच्याकडे त्याच मॉडेलची जुनी फाईल होती.

म्हणून आता ओळख यादीत नसेल तर माझा प्रोग्राम ती एक बिट डावीकडे आणि एक बिट उजवीकडे सरकवून पुन्हा शोधतो. जुळली तर सक्तीचा पर्याय देतच नाही. केबल आखूड करा, घड्याळ मंद करा, असं सांगतो. पाच वेळा ओळख विचारतो आणि पाचही उत्तरं दाखवतो. पाचपैकी तीन सारखी आणि दोन भलतीच असतील तर रोग क्लिपच्या दातांत आहे. पावसाळ्यात आमच्याकडे चिपच्या पायांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश यानं अर्धी कामं इथेच मिटतात.

पायरी ३: सक्ती फक्त वाचनाला आणि फक्त एकदा

रचनेचा कणा हा आहे, म्हणून इथे आळस करू नका. बरेच जण प्रोग्रामभर दिसणारं सक्तीचं एक निशाण ठेवतात आणि जिथे जिथे तपासणी आहे तिथे 'सक्ती असेल तर सोडून दे' असं लिहितात. सहा महिन्यांनी कोणीतरी लिहिण्याच्या फंक्शनमध्येही तीच ओळ टाकतो.

मी निशाण ठेवलंच नाही. नेहमीच्या वाटेनं ओळख पटली की प्रोग्रामला चिपची जी रचना मिळते, तिच्यात वाचा, पुसा, लिहा ही तिन्ही फंक्शन असतात. सक्तीच्या वाटेनं मिळते ती वेगळ्या प्रकारची रचना, आणि तिच्यात वाचण्याचं एकच फंक्शन आहे. तिच्यावर लिहायचा प्रयत्न कोणी कोडमध्ये केला तर प्रोग्राम कंपाईलच होत नाही. हा पहारा माझ्या आठवणीवर अवलंबून नाही.

दुसरं, सक्ती कुठेही जतन होत नाही. सेटिंगच्या फाईलमध्ये नाही, मागच्या वेळच्या निवडीत नाही. एक वाचन झालं की ती संपली, पुढच्या वेळी पुन्हा चिपचं नाव द्या, व्होल्टेज सांगा. मदतनीस कुरकुर करतात. करू द्या.

तिसरं, चिपचं नाव किंवा आकार वापरणाऱ्यानंच द्यायचा. प्रोग्रामनं 'बहुतेक ८ एमबी असेल' असा अंदाज बांधायचा नाही. एकापेक्षा जास्त कंट्रोलर त्या चिपला चालण्यासारखे असतील तर फ्लॅशरॉम पहिला घेतो आणि तसं कळवतो. मी तिथे थांबून विचारतो, कारण दुकानात एकाच संगणकाला दोन प्रोग्रॅमर लावलेले असतात आणि पहिला कोणता हे यूएसबी कोणती आधी खोचली त्यावर ठरतं.

पायरी ४: तारेवर काय जातंय ते गाळा

वरचा पहारा कोडमध्ये आहे. दुसरा पहारा थेट तारेजवळ हवा. प्रोग्रॅमरला बाइट पाठवणाऱ्या सगळ्यात खालच्या फंक्शनमध्ये, सक्तीच्या वेळी चालतील अशा आदेशांची यादी ठेवा. माझ्या यादीत ०३ आणि ०बी ही वाचनं, १३ हे चार बाइट पत्त्याचं वाचन, ०५ आणि ३५ ही स्टेटसची, ९एफ, ९० आणि एबी ही ओळखीची, आणि ५ए आहे. रीसेटची जोडी सक्ती सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. बाकी काही आलं तर प्रोग्राम तिथेच थांबतो. लिहिण्याची परवानगी मागणारा ०६ तर कधीच जाऊ द्यायचा नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाचनालाही कुलूप असणाऱ्या काही चिप असतात आणि त्यामुळे अनेक प्रोग्राम वाचायच्या आधी कुलूप काढायचा प्रयत्न करतात. ते कुलूप काढणं म्हणजे चिपच्या रजिस्टरमध्ये लिहिणं. समोर कोणती चिप आहे हे माहीत नसताना तिच्यात एक बिटही लिहायचा आपल्याला हक्क नाही.

पायरी ५: आकाराची परीक्षा

५ए या आदेशानं बऱ्याच नव्या चिप स्वतःचं कोष्टक देतात. त्याचे पहिले चार बाइट एस, एफ, डी, पी या अक्षरांचे असतात. ते मिळालं तर त्यात आकारही मिळतो. दिलेला आकार आणि कोष्टकातला आकार वेगळे असतील तर दोन्ही दाखवा.

कोष्टक नसेल तर चिपच्या स्वभावाचा उपयोग करा. ८ एमबीच्या चिपकडून १६ एमबी मागितलं तर ती सहसा शेवटाला पोचून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. मग फाईलचे दोन्ही अर्धे जुळे निघतात. १, २, ४ आणि ८ एमबीच्या टप्प्यांवर सुरुवातीचे ६४ केबी ताडून बघा, जुळले तर आख्खा अर्धा भाग ताडा. तपासणीचा तुकडा कोरा, म्हणजे नुसते एफएफ असलेला नको, नाहीतर कोऱ्या जागाच एकमेकींशी जुळतील.

१६ एमबीच्या पुढे जास्त सांभाळा. तीन बाइटांच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. ३२ एमबीच्या चिपच्या पत्त्याचा वरचा बाइट प्रोग्रामनं गाळला तर पहिलाच अर्धा दोनदा येतो. उलट बोर्डानं चिपला आधीच चार बाइटांच्या पद्धतीत टाकलेलं असेल आणि आपण तीनच पाठवले, तर चिप पुढचा एक बाइट पत्ता म्हणून खाते आणि भलत्याच जागेचा डेटा देते. अशा वेळी बोर्डाची वीज पूर्ण काढून, मिनिटभर थांबून पुन्हा सुरुवात करणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

पायरी ६: तीनदा वाचा, पण जुळलं म्हणून विश्वास टाकू नका

१ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ८ एमबी म्हणजे ६ कोटी ७१ लाख बिट, साधारण ६७ सेकंद तरी लागतात. तीन वाचनांना साडेतीन मिनिटं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी एवढा वेळ द्याच.

आख्ख्या फाईलचा एकच हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढून 'जुळलं' किंवा 'नाही' एवढं सांगणं अपुरं आहे. ४ केबीच्या तुकड्यांनी ताडा आणि कोणते तुकडे फुटले ते दाखवा. विस्कटलेले तुकडे फाईलभर विखुरले असतील तर दोष तारेचा किंवा विजेचा. एकाच पट्ट्यात असतील तर चिपचा तो भाग जाऊ लागला आहे, तेवढाच भाग मंद घड्याळानं आणखी वाचून बघा.

आणि तिन्ही तंतोतंत जुळली तरी? जमिनीला टेकलेली तार तिन्ही वेळा सगळे ०० देईल. सरकलेला बिट तिन्ही वेळा सारखाच सरकेल. जुळणं म्हणजे वाचन स्थिर आहे इतकंच. ते खरं आहे का, हे आतला मजकूर सांगतो. म्हणून ओळखीच्या खुणा शोधा. इंटेलच्या नव्या लॅपटॉपच्या बायोस फाईलमध्ये सुरुवातीपासून १६ बाइट सोडले की ५ए ए५ एफ० ०एफ असतात. यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) विभागांच्या डोक्यात अधोरेषा आणि एफ, व्ही, एच ही अक्षरं असतात. राऊटरच्या फाईलमध्ये अनेकदा २७ ०५ १९ ५६ सापडतात. खूण सापडली नाही म्हणजे फाईल खोटी असं नाही, पण सापडली तर जीव भांड्यात पडतो. मूळ जागेवर सापडली नाही तर तीच खूण एक बिट सरकवूनही शोधा.

पायरी ७: फाईलनं आपली शंका सोबत बाळगावी

पेनड्राइव्हवर गेलेली फाईल सहा महिन्यांनी कोणीतरी उघडतो. ती सक्तीनं वाचली होती हे त्याला कसं कळणार? म्हणून फाईलच्या नावातच 'अनिश्चित' हा शब्द घाला. सोबत त्याच नावाची एक साधी मजकूर-फाईल ठेवा: मिळालेली पाचही उत्तरं, कोणती चिप धरून चाललो, घड्याळ, व्होल्टेजचं उत्तर, तिन्ही वाचनांचे हॅश, फुटलेले तुकडे, सापडलेल्या खुणा.

आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून वाचन पूर्ण होईपर्यंत फाईल तात्पुरत्या नावानं लिहा आणि शेवटी नाव बदला. अर्धवट फाईलला पुरं नाव कधीच मिळता कामा नये.

संदेश मराठीत आणि पूर्ण वाक्यात द्या. माझा असा आहे: 'चिपनं ओळख दिलेली नाही. तुम्ही सांगितलेली चिप आहे असं धरून वाचत आहे. ही फाईल चुकीची असू शकते. मूळ चिप पुसू नका.' शेवटचं वाक्य नंतर घातलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं आहे.

चाचणी

चालू चिपवर चाचणी करून काही कळत नाही. एक सॉकेट घ्या आणि मुद्दाम बिघाड करा: डेटाची तार काढा, मग ती जमिनीला टेकवा, सातवी पिन खाली ओढा, केबल फूटभर लांब करा, ८ एमबीच्या चिपला १६ म्हणा. प्रत्येक वेळी प्रोग्रामनं वेगळं आणि बरोबर वाक्य बोललं पाहिजे. मग यादीतून एका चांगल्या चिपचं नाव काढून टाका, सक्तीनं वाचा, नाव परत घाला, नेहमीच्या वाटेनं वाचा आणि दोन्ही फाईली ताडा. एकही बाइट वेगळा निघाला तर सक्तीच्या वाटेत दोष आहे. शेवटी लॉजिक अॅनालायझर (तारेवरचे बिट दाखवणारं यंत्र) लावून आख्ख्या सक्तीच्या वाचनात ०६ एकदाही तारेवर गेला नाही हे बघून घ्या. स्वस्तातला आठ चॅनलचाही पुरतो, फक्त त्यासाठी घड्याळ मंद ठेवा.

लिहायची वेळ येते ती नव्या चिपवर. ती सॉकेटमध्ये बसते, नेहमीच्या वाटेनं ओळख देते, आणि मगच लिहिण्याचं बटण उघडतं. फाईलच्या नावात 'अनिश्चित' असेल तर प्रोग्राम सोबतची नोंद उघडून दाखवतो, आणि तिन्ही वाचनं जुळलेली नसतील तर तिथेच थांबतो. जुनी चिप आम्ही गिऱ्हाइकाच्या पावतीचा नंबर टाकून छोट्या पिशवीत ठेवतो आणि मशीन महिनाभर नीट चालल्यावर त्यालाच परत देतो.